नाईकाचं मीठ आणि पाड्याचं धान्य

पत्र (नाव छापत नाही, पत्र थोडं लहान केलंय, सोबतची स्क्रिप्ट छापत नाही):

"ताई, मी शिरपूर तालुक्यातला, एस.वाय.ला आहे. गॅदरिंगसाठी एकांकिका बसवून राहिलो आम्ही, स्क्रिप्ट माझी आहे. गोष्ट १८६० ची, सातपुड्यातली. एक टोळी आहे, नाईक तिचा म्होरक्या. सावकाराच्या गाड्या आणि कंपनीचा खजिना लुटायचा पण गरिबाच्या घरात पाय ठेवायचा नाही असा त्यांचा नियम. रुमाल्या नावाचा पोरगा आहे, उपासमारीत आईबाप गेले तेव्हा नाईकानं त्याला उचलून आणलं आणि वाढवलं. मग पायथ्याच्या एका पाड्यातून कोणीतरी पोलिसाला खबर देतं, टोळीची तीन माणसं मरतात, आणि नाईक हुकूम देतो की अख्खा पाडा जाळा, धान्यासकट. इथं माझी पेन अडली. रुमाल्या करणारा माझा मित्र म्हणतो की ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी केली तर पब्लिक शिव्या घालेल. डायरेक्शन करणारी मैत्रीण म्हणते की जाळला पाडा तर तो हिरो कसला. दोघं बोलत नाहीत आता एकमेकांशी. आणि घरी आजोबा नाराज, म्हणतात आपल्याच लोकांना डाकू दाखवतो का रे. ताई, खरा माणूस कोणता, सरदाराशी इमान राखणारा का स्वतःच्या मनाचं ऐकणारा?"

भाऊ,

दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे असं सांगून मी हात झटकणार नाही. मला मैत्रिणीचं पटतं, रुमाल्यानं पाडा जाळू नये. पण ती जे कारण देते, की तो हिरो आहे म्हणून, ते कारण फार पातळ आहे, आणि तुझा मित्र ज्या गोष्टीसाठी भांडतोय ती काढून टाकली तर तुझ्या नाटकात काही उरतच नाही, कारण नाईकाला नाही म्हणणं रुमाल्याला सोपं गेलं तर बघणाऱ्यानं तिथं बसायचं कशाला.

टोळीत इमान एवढं मोठं का असतं ते आधी नीट समजून घे. गावात राहणाऱ्या माणसाला भाऊबंद असतात, पंच असतात, कागद असतो, कोर्टकचेरी असते, ती न्याय देवो न देवो पण दार तरी असतं ठोठावायला. डोंगरात पळालेल्याचं हे सगळं एकदम जातं. त्याच्याकडे उरतं काय, तर शेजारी झोपलेला माणूस. पहाऱ्यावरच्यानं डोळा लावला, किंवा खाली बाजाराला गेलेला माणूस दोन शब्द जास्त बोलला, की सकाळी सगळे संपले. म्हणून तिथं इमान हा कायदाच असतो, दुसरा कुठलाच कायदा त्यांच्यासाठी शिल्लक नसतो म्हणून. तुझ्या मित्राला हे बरोबर कळलंय, त्याला तसं सांग.

आता पुढचं. रुमाल्याला चांगलं-वाईट कोणी शिकवलं? शाळा नाही, आईबाप नाहीत, देवळात कीर्तन ऐकायला कोणी बसू दिलं नसेल. नाईकानंच शिकवलं ना. गरिबाच्या कणगीला हात लावायचा नाही हे त्याला नाईकाकडूनच कळलं. म्हणजे तू पत्रात इमान एका बाजूला आणि मन दुसऱ्या बाजूला असं जे मांडलंय ते तसं नाहीचये, रुमाल्याचं मन नाईकानंच घडवलंय. हुकूम मानायचा तर नाईकानं जे शिकवलं ते टाकावं लागतं, आणि शिकवलेलं धरून ठेवायचं तर नाईकाला सोडावं लागतं. तुझ्या नाटकाचा जीव इथं आहे. पण हे ऑडियन्सला आधीच दिसलं पाहिजे, म्हणून सुरुवातीला एक छोटा सीन टाक, दहा-बारा वर्षाचा रुमाल्या कुठल्यातरी झोपडीतून ज्वारीची टोपली उचलून आणतो, शाबासकी मिळेल असं त्याला वाटतं, आणि नाईक त्याला रात्रीच्या रात्री ती टोपली परत ठेवायला पाठवतो, एकट्याला. भाषण नको, नाईकाला जास्त बोलू पण देऊ नको. एवढं दाखवलंस की पुढे पाडा जाळायचा हुकूम येईल तेव्हा तुला काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

आणि नाईकाला राक्षस करू नको, हात जोडून सांगते. नवीन लिहिणारे हमखास इथं घसरतात, हिरोला मोठं करायला म्होरक्याला एकदम क्रूर करून टाकतात, दारू पाजतात, डोळे लाल करतात, मग हिरोनं त्याला सोडलं तर कोणाला काय वाटणार. नाईकाला त्याची बाजू पूर्ण ताकदीनं मांडू दे. तीन माणसं मेलीत, त्यातला एक त्याचा सख्खा भाऊ ठेव. तो म्हणेल, आज हा पाडा सोडला तर उद्या दुसरा पाडा बोलेल, पंधरा दिवसात आपली चाळीस माणसं फासावर लटकतील, त्यांच्या बायकापोरांना तू खाऊ घालणार आहेस का. हे खोटं नाहीये. रुमाल्याकडे ह्याचं उत्तर नसलं तरी चालेल. उलट नसलंच पाहिजे. नाईक हरला म्हणून रुमाल्या नाही म्हणतो असं झालं तर तो नुसता वादविवाद होतो, नाईकाचं म्हणणं खरं असतानाही रुमाल्याचा हात पेटत्या टेंभ्याकडे जात नाही, हे बघायला माणूस श्वास धरून बसतो.

ह्या सीनमध्ये नाईकाच्या तोंडी एक वाक्य नक्की घाल. प्रत्येक सरदार, प्रत्येक साहेब, प्रत्येक घरातला कर्ता माणूस कधी ना कधी ते बोलतो: "हुकूम माझा, पाप माझ्या डोक्यावर, तू फक्त कर."

मला विचारशील तर इमान आणि नीती ह्यांची गाठ ह्याच वाक्यात आहे. आणि त्याचं उत्तर आपल्याकडे पार आजीच्या गोष्टीपासून आहे. वाल्या कोळी. वाटसरूंना मारायचा, लुटायचा, एका माणसामागे एक खडा टाकत रांजण भरायचा, आणि हे सगळं बायकोपोरांसाठी करतोय अशी त्याची पक्की समजूत. नारदानं त्याला एवढंच सांगितलं की घरी जा आणि विचार, माझ्या पापात वाटा घेता का. कोणी घेतला नाही. आपण ही गोष्ट रामनामाचा महिमा म्हणून सांगतो, पण मला त्यातला तो घरी जाऊन विचारायचा क्षण सगळ्यात मोठा वाटतो, कारण तोपर्यंत तो माणूस घरच्यांच्या इमानाच्या आडोशाला बसलेला होता. एखाद्यासाठी जीव देता येतो, खाल्लेल्या मिठासाठी हातपाय तोडून घेता येतात, पण आपल्या हातानं केलेलं कृत्य दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येत नाही, तो घ्यायला तयार असला तरी. नाईक मनापासून बोलत असेल, खरंच ते पाप घ्यायची त्याची तयारी असेल, पण आग लावलेला हात रुमाल्याचाच राहणार. हे रुमाल्याला त्या रात्री कळतं. कसं कळतं ते तू शोध, मी सांगितलं तर ते माझं होईल.

आता मित्राचा मुद्दा, की बेइमान माणूस पब्लिकला आवडत नाही. बरोबर, फितूर कोणालाच आवडत नाही. पण नाही म्हणणारा प्रत्येक माणूस फितूर असतो का? महाभारत-रामायणात बघ, ह्याच पेचात सापडलेल्या माणसांनी किती वेगवेगळ्या वाटा धरल्यात. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा भीष्म-द्रोण गप्प, आणि दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण उभा राहून म्हणाला की हे चूक आहे, कर्णानं त्याला गप्प केलं, पण पुढे युद्धात तो भावाच्याच बाजूनं उभा राहिला आणि भीमाच्या हातून मेला, आणि भीमाला त्याच्यासाठी वाईट वाटलं. युयुत्सु हा पण धृतराष्ट्राचाच मुलगा, पण तो युद्ध सुरू व्हायच्या आधी दोन्ही सैन्यांच्या देखत, दिवसाढवळ्या, कौरवांकडून निघून पांडवांकडे गेला, आणि वाचला पण. कुंभकर्णानं रावणाला तोंडावर सुनावलं की सीतेला आणलंस हे वाईट केलंस, आणि मग भाऊ म्हणून लढायला गेला. बिभीषण सोडून गेला. आणि कर्ण, ज्याला आपण सगळ्यात जास्त जीव लावतो, त्याला तर कृष्णानं सांगितलं होतं की तू कुंतीचा मुलगा, ये इकडे, राज्य तुझं, तरी तो दुर्योधनाला सोडून गेला नाही. पण हे विसरू नको की भर सभेत द्रौपदीबद्दल सगळ्यात घाण बोलणारा हाच कर्ण होता. त्याचं इमान खरं होतं आणि त्याच इमानानं त्याच्याकडून ते करवून घेतलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत म्हणून तो अजून आपल्याला झोपू देत नाही.

तर तुझ्या रुमाल्यासमोर दोनच दारं नाहीत. विकर्णासारखा तो नाही म्हणून टोळीतच राहू शकतो आणि पुढच्या चकमकीत नाईकासाठी गोळी खाऊ शकतो. युयुत्सुसारखा उजेडात सगळ्यांच्या देखत निघून जाऊ शकतो. मला स्वतःला तुझ्या गोष्टीत पहिली वाट जास्त खरी वाटते, पोरगा आहे तो, त्याला नाईकाशिवाय जगात कोणी नाही, तो जाणार कुठे. पण वाट कुठली पण घे, एक गोष्ट पक्की ठेव: रुमाल्यानं जे सांगायचं ते नाईकाच्या तोंडावर सांगायचं, त्याच्या बंदुकीच्या टप्प्यात उभं राहून. रात्री गुपचूप जाऊन पाड्याला सावध केलं असं दाखवलंस तर चांगल्या कामाला पण फितुरीचा वास येईल, आणि मग मित्राचं म्हणणं खरं ठरेल.

फितुरी काय असते ते आपल्या सातपुड्याला कोणी शिकवायची गरज नाही. भिल्लांचे पुढारी खाजा नाईक तुझ्या शिरपूरच्या वरच्याच अंगाला, सेंधव्याच्या घाटात, आग्रा रोडच्या पहाऱ्यावर होते, कंपनीचा पगार खाऊन. एका संशयिताच्या मरणावरून १८५५ साली त्यांना शिक्षा झाली, १८५७ ला गरज पडली तेव्हा कंपनीनं परत कामावर घेतलं, आणि त्याच वर्षी ते उलटले, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला इंग्रजांशी आंबापाणीची लढाई झाली, इंग्रजांनी बायकांना पण कैद करून नेलं. आणि १८६० साली खाजा नाईक मेले ते लढाईत नाही, त्यांच्याच माणसांत येऊन राहिलेल्या एकानं दगा केला म्हणून. आता विचार कर, कंपनीचं मीठ खाऊन कंपनीवर उलटलेले खाजा नाईक पण इंग्रजाच्या दफ्तरात बेइमानच होते. आणि त्यांना मारणारा पण बेइमान. आपण एकाला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याचं नाव घेत नाही, ते का? एकानं पाठ फिरवली ती उघड, स्वतःचा जीव पणाला लावून, ज्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं त्यांच्यासाठी. दुसऱ्यानं फिरवली ती जवळ झोपून, विश्वास कमावून. हा फरक पब्लिकला बरोबर कळतो, आपल्याकडच्या पब्लिकला तर जास्तच.

ह्यातूनच आणखी एक सुचतं. १८२५ साली औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव तिचं ठाणं. म्हणजे डोंगरात पळणारा पण भिल्ल आणि त्याचा माग काढणारा पण भिल्ल. तुझ्या स्क्रिप्टमध्ये तो पोलीसवाला नुसता काठी आपटणारा आहे असं वाटतंय. त्याच्या जागी पलटणीतला एक शिपाई आण, रुमाल्याच्या आईकडच्या नात्यातला असला तर अजून बरं. तो पण कोणाचं तरी मीठ खातोय, त्याच्या पगारावर पण चूल पेटते. रुमाल्याचं इमान तेवढं उदात्त आणि शिपायाचं इमान म्हणजे गुलामी, असं लिहिणं सोपं आहे, पण दोघांना पाच मिनिटं समोरासमोर बसव आणि बघ किती अवघड जातं ते.

माणसाशी इमान आणि कामाशी इमान ह्यात पण फरक असतो, त्याचा तुझ्या नाईकाला विसर पडलाय असं मला वाटतं. धुळे-नंदुरबार रस्त्यावर चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ ला सरकारी खजिना लुटला गेला, साडेपाच लाखाच्या आसपास रक्कम, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे लोक आणि आपले खानदेशातले कार्यकर्ते मिळून. कुठला सातारा आणि कुठलं चिमठाणं. ती माणसं काही एकमेकांच्या ताटात जेवून लहानाची मोठी झालेली नव्हती, त्यांना बांधून ठेवलं ते कामानं, आणि पैसा पण चळवळीला गेला. तुझ्या नाईकाची टोळी पण सुरुवातीला अशाच कामासाठी जमली असेल, सावकारानं गिळलेलं परत आणायला. मग हळूहळू काम मागे पडतं आणि टोळी वाचवणं हेच काम होऊन बसतं. हा बदल एका रात्रीत होत नाही, त्याच्या दोन-तीन खुणा आधी पेर, लुटीचे वाटे करताना कोणीतरी पाड्याचा वाटा विसरतं आणि नाईक बोलत नाही, असं काहीतरी.

आता तू पत्रात विचारलं नाहीस ते. तुझ्या स्क्रिप्टमध्ये पाड्यातलं एकही माणूस नाहीये. नुसता "पाडा" आहे. टोळीतल्या चौघांना नावं आहेत, पोलिसाला नाव आहे, आणि ज्यांची घरं जळणार त्यांना नावच नाही. डाकू लोकांबद्दल आपल्याला माया वाटावी म्हणून कथाकादंबरीवाले ही युक्ती कायम करतात, लुटला जाणारा एकतर जाडा सावकार असतो नाहीतर गर्दी असते, मग आपल्याला टोचत नाही. तू तसं करू नको. पाड्यातली एक बाई आण. तिच्या कणगीत पेरणीचं बियाणं आहे, पाऊस दोन आठवड्यांवर आलाय. ती टोळीची दुश्मन नको, उलट तिनं ह्याच रुमाल्याला मागे एकदा ताप आलेला असताना लपवलेलं असू दे. म्हणजे मीठ फक्त नाईकाचंच खाल्लंय का, हा प्रश्न कोणी न विचारता स्टेजवर उभा राहतो. तुझी मैत्रीण जे म्हणतेय ना, त्याला वजन ह्या बाईमुळे येईल. मग रुमाल्या एका माणसाशी इमान राखायला दुसऱ्या माणसाशी बेइमानी करतोय हे दिसेल, आणि इमान विरुद्ध नीती असा कोरडा सामना राहणार नाही.

अण्णा भाऊ साठेंची 'फकिरा' तू वाचली नसशील तर वाच, १९५९ ची कादंबरी आहे, वारणेकाठची. त्यात दुष्काळात खजिना आणि धान्य लुटणारा फकिरा शेवटी स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो, कारण त्याच्या माणसांना सरकारनं अडकवून ठेवलंय. त्याच्याकडे पळायला डोंगर आहे, लढायला तलवार आहे, पण तो हजर होतो. तो हजर होतो त्याच्या टोळीपेक्षा मोठ्या लोकांसाठी, ज्यांच्यासाठी तो मुळात बाहेर पडला होता. कॉपी करू नको, फक्त बघ की तिथं शेवट कसा आधीच्या पानांतून आलाय.

आजोबांबद्दल. त्यांचा राग मला लागला. तू हसून सोडून देऊ नको. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो जायला १९५२ उजाडलं. पोटात पोर असतानाच त्याच्यावर शिक्का. ज्या पिढीनं ते आजूबाजूला बघितलंय, ऐकलंय, तिला स्टेजवर आपला माणूस लुटताना बघून पोटात कालवणारच. म्हणून आजोबांना स्क्रिप्ट वाचून दाखव, ती ज्वारीच्या टोपलीची जागा आणि तोंडावर नाही म्हणायची जागा. टोळी का झाली ते नाटकात आलं पाहिजे: जमीन कशी गेली, सावकाराचं व्याज कसं चढलं, जंगलात लाकूड तोडायला गेलेला माणूस चोर कसा ठरला. आणि "डाकू" हा शब्द फक्त सरकारी माणसाच्या तोंडी ठेव, टोळीतला किंवा पाड्यातला कोणी तो वापरणार नाही. आजोबांना एखाद्या प्रसंगाबद्दल विचार पण, माझी खात्री आहे की त्यांच्याकडे सांगायला बरंच असेल आणि ते कोणी विचारलं नसेल.

तुझ्या टीमचं भांडण मिटवायला भाषण देऊ नको. तालमीत एक दिवस मित्राला नाईकाचं वाचायला लाव, पाड्यातल्या बाईचं मैत्रिणीला, आणि रुमाल्या तू वाच. मित्राला नाईक म्हणून हुकूम द्यायला सांग, त्या बाईच्या डोळ्यात बघून. त्याचा आवाज कुठे अडखळतो ते लिहून घे, तिथंच तुझा डायलॉग आहे. आणि मैत्रिणीला पण एकदा नाईकाच्या जागी उभं कर, तीन मढी समोर आहेत आणि उरलेली माणसं तुझ्या तोंडाकडे बघतायत असं सांगून.

राहिली एक दुरुस्ती. गोष्ट १८६० ची आणि तू सगळीकडे कंपनीचा खजिना, कंपनीचा साहेब लिहिलंय, पण कंपनीचं राज्य १८५८ मध्येच संपलं, नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा निघाला. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी "कंपनी" चालून जाईल, सवयीनं बोलेल तो, पण शिपाई आणि साहेब राणीच्या सरकारचं नाव घेतील. नाहीतर सरळ गोष्टच १८५८ च्या उन्हाळ्यात आण, आंबापाणीनंतरच्या दिवसांत. तेव्हा टोळीत भीती आणि संशय किती भरलेला असेल ते वेगळं सांगायला नको, आणि पेरणीपण तोंडावर आलेली असेल, त्या बाईच्या बियाण्याचा हिशोब पण बरोबर जुळेल.

– तुझी ताई